उंचावरचा उजेड : जोव्हान्नी सेगान्तिनी आणि त्याचे आल्प्स

१८८६च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये इम्प्रेशनिस्ट चित्रकारांचं आठवं प्रदर्शन भरलं. तेच त्यांचं शेवटचं. बारा वर्षांपूर्वी सगळ्या शहराची टिंगल एकत्र सोसलेल्या या मंडळींत आता फाटाफूट झाली होती. मोने आणि रेन्वार यांनी तर या प्रदर्शनाकडे पाठच फिरवली. सगळ्यांच्या तोंडी होतं ते झॉर्झ सरा या सव्वीस वर्षांच्या तरुणाचं भिंतभर चित्र. सेन नदीतल्या बेटावरची रविवारची दुपार त्याने असंख्य ठिपक्यांनी रंगवली होती.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडन प्रांतातल्या सावोन्यिन या डोंगरी खेड्यात एक कुटुंब राहायला आलं. अठ्ठावीस वर्षांचा, काळ्याभोर दाढीचा चित्रकार, त्याची जोडीदारीण आणि चार लहान मुलं. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं आणि होणंही शक्य नव्हतं, कारण लग्नाला कागदपत्रं लागतात आणि या माणसाला जगातला कोणताही देश आपला नागरिक मानत नव्हता. पॅरिसच्या त्या वर्तुळाशी त्याचा काही संबंध नव्हता. तरीही इम्प्रेशनिस्टांनी उभा केलेला प्रश्न, म्हणजे उघड्यावरचा उजेड रंगात कसा उतरवायचा, त्याच्याही डोक्यात घर करून होता. पुढच्या तेरा वर्षांत त्याने या प्रश्नाचं जे उत्तर शोधलं, ते पॅरिसमध्ये बसून कुणाला सापडलं नसतं. त्यासाठी पर्वतातच राहावं लागलं. त्याचं नाव जोव्हान्नी सेगान्तिनी.

कागदाविना माणूस

गार्दा सरोवराच्या उत्तरेला, कड्यावरच्या किल्ल्याखाली वसलेलं आर्को हे छोटं गाव आज इटलीत आहे. १५ जानेवारी १८५८ रोजी सेगान्तिनी तिथे जन्मला तेव्हा ते ऑस्ट्रियन साम्राज्यात होतं. घरचं आडनाव सेगातिनी. मधला ‘न’ त्याने पुढे स्वतः घातला. बाप आगोस्तिनो किरकोळ व्यापार करायचा आणि त्यात त्याला कधी यश आलं नाही. जोव्हान्नीच्या जन्माच्याच वर्षी थोरला भाऊ लोदोव्हिको आगीत गेला. आईने त्या दुःखातून आणि आजारपणातून डोकं वर काढलं नाही. १८६५ मध्ये ती गेली तेव्हा पोर सात वर्षांचं होतं.

बापाने त्याला मिलानला नेलं, पहिल्या लग्नाची मुलगी इरेने हिच्या हवाली केलं आणि स्वतः कामधंद्याच्या शोधात निघून गेला. वर्षभरात त्याच्याही मृत्यूची बातमी आली. इरेने कामावर जायची आणि पोर दिवसभर खोलीत एकटं असायचं. या सावत्र बहिणीच्या हातून एक गोष्ट अशी घडली की तिचे परिणाम सेगान्तिनीला जन्मभर भोगावे लागले. तिने दोघांचं ऑस्ट्रियन नागरिकत्व सोडण्याचा अर्ज केला, पण इटलीचं नागरिकत्व मिळवण्याचा दुसरा अर्ज राहून गेला. एका देशाचं दार बंद झालं आणि दुसऱ्याचं उघडलंच नाही.

मिलानच्या रस्त्यांवर भटकताना बाराव्या वर्षी पोलिसांनी त्याला पकडलं आणि मार्किओन्दी सुधारगृहात टाकलं. तिथे त्याला चांभारकाम शिकवलं गेलं. लिहितावाचता मात्र जेमतेमच आलं. एकदा त्याने पळ काढला, पकडून परत आणला गेला. चित्रं काढायला लागलं की हा दांडगा मुलगा शांत होतो हे तिथल्या पाद्र्याच्या ध्यानात आलं. त्याने उत्तेजन दिलं. १८७३ मध्ये सावत्र भाऊ नापोलेओने याने त्याला सोडवून बोर्गो वाल्सुगानाला नेलं. भावाचा फोटोचा स्टुडिओ होता. काळोख्या खोलीत उजेडाची प्रतिमा कशी उमटते हे त्याने पहिल्यांदा तिथे पाहिलं.

काही काळाने तो मिलानला परतला. लुइजी तेत्तामान्झी या सजावटकाराकडे पताका आणि फलक रंगवायचं काम धरलं आणि संध्याकाळी ब्रेरा अकादमीच्या वर्गांना जायला लागला. १८७९ मध्ये त्याने मिलानमधल्या संत अँथनीच्या चर्चचा गाभाऱ्याजवळचा भाग रंगवला. कोरीव लाकडी आसनं, अंधारलेला कोपरा आणि उंच खिडकीतून तिरपा आत आलेला उजेड. त्या उजेडासाठी पॅलेटवर रंग कालवून त्याचं समाधान होईना, तेव्हा त्याने ते न मिसळता शेजारी शेजारी ठेवून पाहिले, असं त्यानेच पुढे सांगितलं. चित्र गाजलं आणि मिलानच्या कलासंस्थेने विकत घेतलं.

या चित्रामुळे व्हित्तोरे ग्रुबिची हा चित्रांचा व्यापारी त्याच्या आयुष्यात आला. व्हित्तोरे आणि त्याचा भाऊ आल्बेर्तो यांची मिलानमध्ये गॅलरी होती. सेगान्तिनीचं काम विकण्याचा हक्क त्यांनी घेतला आणि बदल्यात त्याच्या पोटापाण्याची सोय केली. हा व्यवहार सेगान्तिनीला अनेकदा जाचला. पैसे वेळेवर यायचे नाहीत आणि हिशेबावरून कुरबुरी चालायच्या. पण व्हित्तोरे नुसता दलाल नव्हता. हॉलंडमध्ये राहून आलेल्या या माणसाने फ्रेंच चित्रकार मिले आणि डच चित्रकार माउव्ह यांचं काम आपल्या तरुण मित्राला दाखवलं. शेतकरी, मेंढरं, मातीतलं जिणं हा मोठ्या चित्राचा विषय होऊ शकतो, ही खात्री सेगान्तिनीला तिथून मिळाली.

याच सुमारास लुइजा बुगात्ती त्याला भेटली. फर्निचरचा नामांकित कारागीर कार्लो बुगात्ती याची ही बहीण. कार्लोचा मुलगा एत्तोरे पुढे मोटारींसाठी जगभर प्रसिद्ध झाला. सेगान्तिनी लुइजाला बीचे म्हणायचा. लग्न कायद्याने करता येईना, म्हणून दोघं तशीच एकत्र राहिली. कॅथलिक मुलखात असा संसार मांडायला तिला किती धैर्य लागलं असेल, याची कल्पना आपल्या समाजातल्या वाचकाला वेगळी द्यायला नको. अखेरपर्यंत ती त्याच्या पाठीशी उभी राहिली.

सरोवराकडून शिखराकडे

१८८१ मध्ये दोघं मिलान सोडून ब्रियान्झा भागात गेली. कोमोच्या आसपासचा हा टेकड्यांचा आणि लहान लहान तळ्यांचा प्रदेश. तिथल्या पुसियानो तळ्याकाठी सेगान्तिनीने ‘आव्हे मारिया’ हे चित्र केलं. मेंढरांनी गच्च भरलेली नाव संध्याकाळी तळं ओलांडते आहे. एक आई बाळाला घट्ट धरून बसली आहे आणि वल्ही मारणारा माणूस प्रार्थनेच्या घंटेसाठी थबकला आहे. १८८३ मध्ये अॅमस्टरडॅमच्या जागतिक प्रदर्शनात या चित्राला सुवर्णपदक मिळालं. पंचविशीतल्या, धड शाळा न पाहिलेल्या मुलाचं नाव युरोपभर झालं.

ब्रियान्झातलं शेवटचं मोठं काम ‘आल्ला स्तांगा’. सांजवेळी आडव्या दांड्याला बांधलेल्या गाई, दूध काढणाऱ्या बाया, मागे काळवंडत गेलेला डोंगर. हे चित्र त्याने कित्येक महिने उघड्यावर उभं राहून केलं. पुढे ते इटलीच्या सरकारने विकत घेतलं. ज्या राज्याने त्याला नागरिक म्हणून कधी स्वीकारलं नाही, त्याच राज्याच्या रोममधल्या संग्रहालयात ते आज आहे.

इथे थांबला असता तरी सेगान्तिनी चांगला चित्रकार म्हणून ओळखला गेला असता. पण तळ्याकाठच्या हवेत त्याचं मन रमेना. दमट हवेत दूरचं सगळं धूसर होतं आणि रंग एकमेकांत विरघळतात. त्याला आणखी लख्ख काहीतरी हवं होतं. १८८६च्या उन्हाळ्यात बीचेसह तो घर शोधायला निघाला. इटलीकडून बेर्निना खिंड ओलांडून, एंगादिनच्या सरोवरांवरून, युलियर खिंडीतून खाली उतरत दोघं सावोन्यिनला पोचली आणि तिथेच राहायचं ठरलं. समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवरचं, रोमान्श भाषा बोलणाऱ्या शेतकऱ्यांचं ते गाव.

त्या हिवाळ्यात व्हित्तोरे ग्रुबिची सावोन्यिनला येऊन राहिला. सराच्या ठिपक्यांची आणि त्यामागच्या शास्त्राची चर्चा तेव्हा फ्रान्स-बेल्जियममधल्या नियतकालिकांत जोरात चालली होती आणि ग्रुबिची ती वाचून आला होता. रंग पॅलेटवर कालवले की मळतात, त्यांचं तेज जातं. तेच शुद्ध रंग कॅनव्हासवर शेजारी शेजारी ठेवले की लांबून पाहणाऱ्याच्या डोळ्यात त्यांचा मेळ होतो आणि उजेड टिकून राहतो. शेजारचे रंग एकमेकांना कसे उठाव देतात याचे नियम शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्येच मांडले होते आणि १८७९ मध्ये अमेरिकन पदार्थवैज्ञानिक ऑग्डन रूड याने त्यावर चित्रकारांना उपयोगी पडेल असं पुस्तक लिहिलं होतं. ग्रुबिचीने आग्रह धरला : तुझं ‘आव्हे मारिया’ या रीतीने पुन्हा रंगव. सेगान्तिनीने ते केलं. दुसऱ्या ‘आव्हे मारिया’त आकाश प्रकाशाच्या बारीक वर्तुळाकार रेषांनी थरथरतं आणि पाण्यात तोच थरकाप उतरतो. इटलीत पुढे डिव्हिजनिझम म्हणून ओळखल्या गेलेल्या रंगविभाजनाच्या पद्धतीचा पाया इथे घातला गेला. सेगान्तिनीचं ‘दोन माता’ आणि चित्रकार प्रेव्हियाती याचं ‘मातृत्व’ १८९१ मध्ये मिलानच्या ब्रेरामधल्या प्रदर्शनात लागली तेव्हा या पद्धतीवरून इटलीत मोठा वाद पेटला.

दोऱ्यासारखे फटकारे

सेगान्तिनीचा खरा वाटा इथून सुरू होतो, कारण त्याने सराची नक्कल केली नाही. सराचे ठिपके स्टुडिओत, दिव्याखाली, मोजूनमापून घातलेले असत. सेगान्तिनी उघड्या कुरणात उभा राहून काम करायचा आणि त्याच्या डोळ्यासमोर होती डोंगरावरची विरळ, कोरडी हवा. तिथे पाच-सात किलोमीटरवरच्या कड्याची भेगसुद्धा जवळच्या दगडाइतकी स्वच्छ दिसते. सावलीही तिथे नुसती काळी नसते. तिच्यात आकाशाची निळाई आणि बर्फावरून परतलेला उजेड असतो. इम्प्रेशनिस्टांनी सेनच्या काठी जे साधलं होतं त्यात हवेतल्या धुक्याची आणि धुराची मोठी मदत होती, कारण त्यांच्या चित्रांत कडा विरतात आणि रूप हेलकावतं. आल्प्समध्ये कडा विरत नाही. तिथला उजेड रंगवायचा तर तेजही हवं आणि धारही हवी. ठिपक्यांनी तेज आलं असतं, पण धार आली नसती.

म्हणून त्याने ठिपक्याऐवजी रेघ घेतली. कॅनव्हासवर तो आधी तांबूस-तपकिरी अस्तर द्यायचा. मग बारीक कुंचल्याने दाट रंगाचे लांब, दोऱ्यासारखे फटकारे ओढायचा. दोन फटकाऱ्यांमध्ये मुद्दाम फट सोडायचा आणि रंग ओला असतानाच त्या फटींमध्ये विरोधी रंग भरायचा. हिरव्याच्या शेजारी तांबडा, निळ्याच्या शेजारी नारिंगी. कुठे कुठे सोन्याचांदीची पूडही वापरायचा. फटकाऱ्याची दिशा वस्तूच ठरवायची. गवताची पाती वर उठतात म्हणून रेघ वर उठते. खडकाचे थर आडवे, म्हणून रेघ आडवी. मेंढीच्या लोकरीत ती वळसे घेते आणि देवदाराच्या सालीत खरखरीत होते. जवळून पाहिलं तर हे चित्र विणलेल्या जाड कापडासारखं दिसतं आणि चार पावलं मागे सरलं की अख्खं कुरण उन्हात उभं राहतं.

या रीतीने एक एक चित्र व्हायला महिनेच्या महिने लागत. त्यामुळे मोठे कॅनव्हास तो घरी आणायचाच नाही. कुरणातच लाकडी खोकी उभारून, दारं लावून ती बंद करून ठेवायचा. सकाळच्या उजेडाचं चित्र एका ठिकाणी, संध्याकाळचं दुसऱ्या ठिकाणी. ज्या घटकेचा उजेड असेल त्या चित्रापाशी चालत जायचं, खोकं उघडायचं आणि उजेड पालटेपर्यंत काम करायचं. हिवाळ्यात तो जाड लोकरी कपडे चढवून बर्फात उभा राहायचा. फोंतेनब्लोच्या जंगलातल्या चित्रकारांपासून मोनेपर्यंत अनेकांनी उघड्यावर चित्रं काढली, पण एवढ्या उंचीवर, एवढ्या थंडीत आणि एवढ्या मोठ्या आकाराच्या कॅनव्हासवर इतकी वर्षं काम केलेला चित्रकार शोधून सापडणार नाही.

‘आल्प्समधली मध्यान्ह’ हे १८९१चं चित्र याचं सर्वांत लख्ख उदाहरण. निळ्या कपड्यातली एक मेंढपाळ मुलगी भर उन्हात कुरणावर उभी आहे. डोळ्यांवर ऊन येतं म्हणून तिचा हात हॅटपाशी गेला आहे. मागे मेंढ्या, त्यामागे पिवळट हिरवं गवत आणि क्षितिजावर बर्फाची रांग. चित्रात काही घडत नाही. पण सावली इतकी आखूड आणि आकाश इतकं गडद निळं आहे की बाराची वेळ आपल्याला अंगावर जाणवते. हे चित्र आज सेंट मॉरित्झमध्ये आहे. याच नावाचं वर्षभरानंतरचं दुसरं चित्र जपानमध्ये कुराशिकीच्या ओहारा संग्रहालयात आहे.

ती मुलगी म्हणजे बार्बारा उफ्फर, घरच्यांची बाबा. मुलं सांभाळायला सेगान्तिनीच्या घरी आली तेव्हा तीही पोरवयातच होती. विणकाम करणारी, पाणी पिणारी, मेंढ्या राखणारी अशी ती त्याच्या कितीतरी चित्रांत आहे. तो रंगवत असताना ती त्याला मोठ्याने पुस्तकं वाचून दाखवायची. ज्याला सुधारगृहात कुणी नीट वाचायला शिकवलं नाही, त्या माणसाचं पुष्कळसं वाचन असं कानांनी झालं. शेवटच्या प्रवासातही ती त्याच्यासोबत होती.

या काळात त्याने प्रतीकवादी चित्रंही केली. ‘दुष्ट माता’मध्ये बर्फाच्या माळावर वाळक्या झाडाच्या फांद्यांत केस अडकलेली स्त्री आहे. आईपणाला नाकारणाऱ्या स्त्रीला शिक्षा, ही त्यातली कल्पना आज आपल्याला पटत नाही. आई लहानपणी गेलेल्या माणसाची जखम त्यामागे असेलही, पण जखमेने विचार योग्य ठरत नाही. तरीही त्या चित्रातला बर्फ पाहण्यासारखा आहे. गोठलेल्या माळावर संध्याकाळचा उजेड कसा जांभळा होत जातो, हे त्याच्याइतकं कुणी जाणलं नव्हतं. व्हिएन्नातल्या नव्या पिढीच्या चित्रकारांनी त्याला डोक्यावर घेतलं आणि हे चित्र आज त्याच शहरात आहे.

मालोया

१८९४ मध्ये कुटुंब आणखी वर गेलं, एंगादिन खोऱ्याच्या टोकाशी, १,८१५ मीटरवरच्या मालोयाला. चित्रं चांगल्या किमतीला जात होती, पण सेगान्तिनीचा हात सढळ होता आणि देणी कायम डोक्यावर असत. सावोन्यिन सोडतानाही मागे देणी राहिली होती. हिवाळा फार कडक झाला की ती मंडळी बेर्गेल खोऱ्यातल्या सोल्यो गावी उतरत. याच खोऱ्यातल्या स्ताम्पाचा तरुण चित्रकार जोव्हान्नी जाकोमेत्ती त्याचा शिष्यासारखा मित्र झाला. पुढे ज्याचे काटकुळे पुतळे विसाव्या शतकाची ओळख ठरले तो आल्बेर्तो जाकोमेत्ती याचाच मुलगा.

इथे मोनेची आठवण करणं भाग आहे. १८९५च्या हिवाळ्यात मोने नॉर्वेला गेला आणि कोल्सोस डोंगराची त्याने एकामागून एक चित्रं केली. ती सुंदर आहेत. डोंगर त्यात निळा होतो, गुलाबी होतो, वितळतो. मोनेने तिथे दोनेक महिने काढले. एखाद्या विलक्षण प्रदेशात आलेल्या पाहुण्याची नजर त्या चित्रांत आहे. सेगान्तिनीच्या डोंगरावर माणसं राबतात. गाई पाणी पितात, घोडे नांगर ओढतात, ओंडके बर्फावरून घसरत आणले जातात. डोंगर तिथे देखावा नसून वस्ती आहे, कारण तो स्वतः तिथे वस्तीला होता.

मात्र त्याच डोंगरांचा देखावा म्हणून बाजार तेव्हा जोरात सुरू झाला होता. एंगादिनमध्ये इंग्रज, जर्मन, रशियन पाहुण्यांसाठी राजवाड्यांसारखी हॉटेलं उठत होती. १९०० साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरणार होतं आणि १८९७ मध्ये सेगान्तिनीने हॉटेलमालकांपुढे एक अचाट बेत मांडला. प्रदर्शनात एक प्रचंड गोल इमारत बांधायची आणि आतल्या भिंतीवर सभोवार अख्खं एंगादिन रंगवायचं. पाहणारा मधोमध उभा राहील. थंड वाऱ्याची झुळूक, गाईंच्या घंटा, पाण्याचा खळखळाट, गवताचा वास, सगळं त्याच्याभोवती असेल. जाकोमेत्तीसारखे चित्रकार मदतीला येणार होते. हॉटेलवाल्यांना ही जाहिरात हवीच होती. पण अंदाजपत्रक वाढत गेलं, पॅरिसमधल्या जागेचा खर्च झेपेना आणि बेत बारगळला.

सेगान्तिनीने त्याचा सल धरला नाही. गोल भिंतीचा विचार सोडून त्याने तीन चित्रांची मालिका मनाशी धरली : ‘जीवन’, ‘निसर्ग’ आणि ‘मृत्यू’. माझ्या मते ते बरंच झालं. गंध, वारा आणि घंटांच्या त्या खेळात त्याची रेघ हरवली असती. या तीन चित्रांत ती कळसाला पोचली. ‘जीवन’ सोल्योजवळचं. झाडाखाली बाळाला घेतलेली आई, संध्याकाळ, समोर बेर्गेलची शिखरं. ‘मृत्यू’ मालोयाचं. हिवाळी पहाट, घरातून शवपेटी बाहेर निघते आहे, घोडा जुंपलेली घसरगाडी थांबली आहे आणि डोंगरावर उगवतीच्या उजेडाने पेटलेला एक अवाढव्य ढग. मधलं ‘निसर्ग’ सर्वांत मोठं, चार मीटर रुंद. सूर्य नुकताच मावळला आहे, गुरं आणि गुराखी घराकडे वळली आहेत आणि अर्ध्याहून अधिक कॅनव्हास नुसत्या आकाशाने भरलेला आहे. क्षितिजापासून पिवळ्या रेघा सुटतात आणि वर जाता जाता निळ्यात मिसळतात.

शाफबेर्ग

‘निसर्ग’ पुरं करण्यासाठी सेगान्तिनीने पोन्त्रेसिनाच्या वरच्या शाफबेर्गची निवड केली. उंची सुमारे २,७०० मीटर. एवढा कॅनव्हास तिथवर चढवला गेला. सप्टेंबर १८९९ मध्ये तो वर गेला, सोबत बाबा आणि धाकटा मुलगा मारियो. राहायला दगडी झोपडी. थंडी पडायला लागली होती. काही दिवसांतच त्याच्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या. आंत्रपुच्छाचा दाह होऊन तो पोटभर पसरला होता. मित्र डॉ. ऑस्कर बर्नहार्ड खालून चढून आले. बीचेही आली. त्या उंचीवर, त्या काळात शस्त्रक्रियेचा प्रश्नच नव्हता. २८ सप्टेंबरच्या रात्री सेगान्तिनी गेला. वय ४१. पॅरिसच्या प्रदर्शनाला काही महिने उरले होते आणि तिन्ही चित्रांवरचा शेवटचा हात राहून गेला. मालोयाच्या दफनभूमीत त्याला पुरलं.

डॉ. बर्नहार्ड यांची गोष्टही इथे सांगायला हवी. एंगादिनच्या त्याच तीव्र उन्हाचा उपयोग त्यांनी पुढे जखमा आणि क्षयाच्या रोग्यांसाठी केला आणि सूर्यकिरणांच्या उपचाराचे ते एक आद्य प्रवर्तक मानले जातात. एकाने तो उजेड रंगात आणला आणि दुसऱ्याने औषधात. मित्राच्या स्मृतीसाठी सेंट मॉरित्झला संग्रहालय व्हावं म्हणून बर्नहार्ड झटले. वास्तुविशारद निकोलाउस हार्टमान याने घुमटाची दगडी इमारत उभी केली आणि १९०८ मध्ये ती खुली झाली. पॅरिससाठी कल्पिलेल्या गोल इमारतीची छाया तिच्यात आहे. तिन्ही चित्रं तिथे घुमटाखाली आहेत.

इटलीत त्याच्या पद्धतीतून एक वेगळीच पिढी निघाली. बोच्चोनी, बाल्ला, कार्रा हे फ्युचरिस्ट चित्रकार रंगविभाजनावरच वाढले. सेगान्तिनीने गवताच्या पात्यात पाहिलेली थरथर त्यांनी धावत्या मोटारीत आणि शहराच्या दिव्यांत पाहिली. पुढे दोन महायुद्धांनंतर पॅरिसकेंद्री कलेतिहासात त्याचं नाव मागे पडलं. त्याच्यावर दावा सांगायला कुठलाही एक देश ठामपणे उभा नव्हता, हेही त्याचं एक कारण असावं. इटली, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड तिघांनीही त्याला आपलं म्हटलं, पण पूर्ण आपलं कुणीच म्हटलं नाही.

मला सेगान्तिनी मोठा वाटतो तो त्याच्या दुःखामुळे नाही आणि प्रतीकांमुळे तर नाहीच. इम्प्रेशनिस्टांनी जगाला शिकवलं की क्षणाचा उजेड रंगवता येतो. सेगान्तिनीने दाखवलं की उजेडाला ठिकाण असतं. सेनच्या काठचा उजेड वेगळा, २,७०० मीटरवरचा वेगळा, आणि त्या त्या उजेडाला त्याचा त्याचा हात लागतो. तो हात कमावण्यासाठी त्याने वर्षानुवर्षं बर्फात उभं राहून एक एक रेघ ओढली. आज मोर्तेरात्शसारख्या तिथल्या हिमनद्या वेगाने मागे हटत आहेत आणि त्या पर्वतांचं रूप पालटतं आहे. त्यामुळे या चित्रांना आता साक्षीचंही मोल आलं आहे. पण साक्षीपलीकडे त्यांत एक शिकवण आहे आणि ती कुठल्याही मुलखातल्या चित्रकाराला लागू पडते : दुसरीकडून आलेली पद्धत जरूर घ्यावी, तिचं शास्त्र समजून घ्यावं, पण ती आपल्या जागेच्या उजेडात उभी करून पाहावी आणि त्या उजेडाला पटेल अशी बदलावी. ज्याच्याकडे देशाचा कागद नव्हता त्या माणसाने हे काम इतक्या निष्ठेने केलं की एंगादिनची आठवण निघाली की आज त्याचंच नाव ओठांवर येतं.